स्लो कुकरचे पाच महिने: धुक्यातल्या गाड्या आणि रात्री साडेअकराचं सूप

हिवाळ्यात आमच्या घरी रात्रीचं जेवण किती वाजता होणार, ते धुकं ठरवतं. माझे मिस्टर रेल्वेत आहेत. जानेवारीत दिल्लीकडच्या गाड्या तीन-तीन, चार-चार तास उशिरानं ग्वाल्हेरला पोचतात आणि त्यांची ड्युटीही तशीच लांबते. नऊला घरी येणारा माणूस साडेअकराला येतो, कानटोपी दवानं भिजलेली असते. बाहेर पारा ३-४ अंशांवर आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आमचं जुनं दगडी घर आतूनही गार. अशा वेळी त्यांच्यापुढे तिसऱ्यांदा गरम केलेलं सूप ठेवायचं, हे मला मनापासून खटकायचं. दिवाळीच्या आधी स्लो कुकर घेतला तो एवढ्याचसाठी.

साडेतीन लिटरचं चिनी मातीचं भांडं, काचेचं झाकण, खाली तापणारं धातूचं कवच आणि एक बटण: लो, हाय, वॉर्म. शिट्टी नाही. मागे २१० वॅट लिहिलंय, म्हणजे आठ तास सलग चालला तरी फार तर पावणेदोन युनिट. लोवर भांडं कमी तापतं असं मी समजत होते. तसं नाही. बहुतेक स्लो कुकर दोन्हीवर शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतात, लोवर तिथे पोचायला वेळ जास्त लागतो एवढंच. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हात जवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आपली रात्रीची सिगडी.” त्यांच्या लहानपणी कोळशावर राख पसरून पायाचं पातेलं रात्रभर ठेवायचे, सकाळी रस्सा तयार.

म्हणून सुरुवात पायाच्या सुपानंच केली, आणि आजही हे भांडं त्यातच सगळ्यात खुलतं. बकऱ्याचे सहा पाय भाजून, खरवडून, धुऊन घेते. एकदा उकळी आणून ते पहिलं पाणी ओतून टाकते, वरचा मळकट फेस त्याबरोबर जातो. मग भांड्यात पाय, आल्याचे जाड काप, आठ-दहा लसूण पाकळ्या, एक कांदा, चार मिरी, एक तमालपत्र आणि वर दोन बोटं येईल इतकं उकळतं पाणी. दुपारी एकला लोवर लावते. हाडांना धरून असलेल्या शिरा आणि कातडी यांतलं कोलॅजन मंद आचेवर तासन् तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. ओठ जरासे चिकटतात तो चिकटपणा त्याचाच. फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी थरथरणारी वडी होते. प्रेशर कुकरमध्ये हेच तासाभरात होतं, ते मी नाकारत नाही. पण तिथे खळखळ उकळून चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ होतं. इथे ती वर तरंगते, पळीनं काढून घेता येते, खालचं सूप नितळ राहतं. मीठ शेवटी. वाटीत लिंबू आणि कोथिंबीर, आणि मिस्टरांना वर कुटलेली मिरी लागते.

मसाल्याचा हात इथे आवरावा लागतो. झाकणाखालून वाफ जवळजवळ जातच नाही, त्यामुळे पाणी आटत नाही. नेहमीपेक्षा पाणी पाऊण आणि खडे मसाले निम्मे घाला. आमचं पहिलं सूप लवंगेनं कडू झालं होतं. कांदाही यात परतला जात नाही, नुसता शिजतो. खमंगपणा हवा असेल तर कढईत परतूनच घाला. आणि झाकण सारखं उघडू नका. साठलेली वाफ गेली की पुन्हा तेवढं तापायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. मुलाला ते पटवायला मला डिसेंबर उजाडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपया नीट वाचा. नोव्हेंबरात मी भिजवलेला राजमा थेट भांड्यात घालून लोवर लावला. आठ तासांनीही दाणा मध्ये किंचित टणक होता, तरी आम्ही सूप प्यायलो. दोन तासांत मला आणि मुलाला उलट्या सुरू झाल्या, ती रात्र फार वाईट गेली. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळ उकळीनं नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळलं तर उलट वाढू शकतं. स्लो कुकरचे पहिले कित्येक तास नेमके तिथेच जातात. आता राजमा रात्रभर भिजवते, ते पाणी फेकते, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास उकळते आणि मगच भांड्यात घालते. हे माहितीपत्रकात पहिल्या पानावर ठळक असायला हवं होतं. माझ्या कुकरसोबत आलेल्या पत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता, आणि त्याचा मला अजून राग आहे.

मुगाच्या कढणाचा असा काही धोका नाही. सासूबाई गुरुवारी मटण खात नाहीत, त्या दिवशी हेच. वाटीभर हिरवे मूग सहा तास भिजवून, दहा मिनिटं उकळून, पाच वाट्या गरम पाण्यासोबत हायवर साडेतीन-चार तास. सोबत आलं, गाजर, दुधीच्या फोडी. टोमॅटो किंवा आमसूल आधी घातलं तर मूग शिजता शिजत नाहीत, आंबट नेहमी शेवटी. आमच्याकडे नळाला पाणी नसलं की बोअरचं वापरावं लागतं. त्या जड पाण्यात डाळीला तासभर जास्त लागतो, त्या दिवशी लवकर लावते. वरून तुपात जिरं-हिंगाची फोडणी. टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध शेवटच्या वीस मिनिटांत, नाहीतर फाटतं.

डिसेंबरात भांडं तडकलं. फ्रिजमधून काढून तसंच तापलेल्या कवचात ठेवलं होतं. ज्या दुकानातून घेतला तिथे सुटं भांडं मिळेना, “आज येईल, उद्या येईल” करत सहा आठवडे गेले, ऐन थंडीचे. आलं तेव्हा दोन घेतली. एक पायाचं, एक सासूबाईंच्या कढणाचं. काचेच्या झाकणाच्या रबराला मटणाचा वास धरून राहतो, त्यामुळे झाकणही दुसरं असतं तर बरं झालं असतं.

विकत घेताना फिरवायच्या बटणाचाच घ्या. वीज जाऊन आली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो. शेजारच्या काकूंकडचा आकड्यांचा आहे, तो वीज आल्यावर बंदच राहतो. आपण घरी नसताना वीज बराच वेळ गेली असेल, तर मटणाचं सूप सरळ ओतून द्यावं. जिवावर येतं, तरी द्यावं.

आणि साडेअकरा? सूप तयार झालं की वॉर्मवर टाकते. तीन तास गेले तरी चव उतरत नाही, पायाचं तर मुरतं. ते दारात आले की बटणाला हात लावावा लागत नाही, नुसती पळी उचलायची. परवा नणंदेनं बडोद्याहून विचारलं, “वहिनी, मीही घेऊ का?” तिच्याकडे सगळे साडेआठला एकत्र जेवायला बसतात आणि थंडीही इथल्यासारखी हाडात शिरत नाही. तिला म्हटलं, तुला प्रेशर कुकरच बरा. मुंबईच्या धाकट्या जावेचा मुलगा नर्सिंगला आहे, रात्री बाराला ड्युटी संपते. तिला मात्र फोनवरच सांगितलं, साडेतीन लिटरचा घे, त्याहून मोठा नको. अर्ध्यापेक्षा कमी भरला तर कडेनं लागतो.