केंद्रातून घरी आल्यावर: ढोल, गड की भजन?

माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतो तेव्हा टर्की, म्हणजे दारू सोडल्यावर अंगाला होणारा त्रास, उतरलेली असते, तोंडाला चव आलेली असते. अवघड असतात संध्याकाळचे सात. इतकी वर्षं ती वेळ बाटलीची होती. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवायचे, ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे. हाताला काम लागतं ते असं. केंद्रात दिवस आखून मिळतो, घरी तो आपल्याला आखावा लागतो. आमच्या दादाने ढोल, गड आणि भजन तिन्ही करून पाहिलं, म्हणून लिहितेय.

आधी आम्ही त्याला काय आवडतं एवढंच पाहिलं. ते चुकलं. कार्यक्रम संपल्यावर मंडळी कुठे जातात, हे आधी बघा.

ढोल-ताशा पथक ही त्याची पहिली पसंती. कमरेला ढोल बांधला की अंगात जे येतं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलंय. गणपतीच्या आधी संध्याकाळी सराव असतो, म्हणजे नेमकी धोक्याची वेळ भरते. पण विसर्जनाला रात्रभर जागरण, पोटात काही नाही आणि गर्दीत प्यायलेली माणसं. शिवाय अनंत चतुर्दशी झाली की सगळं एकदम थंड. दादाची स्लिप त्याच आठवड्यात झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. पहिलं वर्ष तरी पथक नकोच.

गड चढण्याचा मोठा फायदा आदल्या रात्री होतो. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत पोचायचं असेल तर शनिवारी लवकर झोपावंच लागतं. डॉक्टरांना विचारून सुरू करा. तंबूच्या मुक्कामी सहलींना मात्र पाठवू नका.

भजनी मंडळाला आम्ही शेवटी वळलो, आणि तिथेच तो टिकला. दादा देवाधर्माचा नाही, आजही नाही. पण माळकरी माणसांना दारू वर्ज्य, त्यामुळे ‘घे रे एक’ म्हणणारं कुणी नाही. संपल्यावर चहा घेतला की घर. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक लावतात. कमी पडली तर घुमत नाही, जास्त झाली तर आवाज दबतो. पहिल्या दिवशी दादाचे हात थरथरत होते. बुवांनी काही न विचारता परात त्याच्यापुढे सरकवली. “तू मळ,” म्हणाले. तीन महिने त्याने एक बोल वाजवला नाही. कणीक मळायची, लावायची, भजन झालं की खरवडून काढायची. पण गुरुवारी साडेसातला तो हजर, कारण तो गेला नाही तर पखवाज खोळंबणार.

अडचण एकच. मंडळ गल्लीतलं असतं, सगळ्यांना सगळं माहीत असतं, एखादा टोमणा मारतोच. म्हणून आधी बुवांशी एकट्याने बोलून या.

यातलं काहीही एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगची किंवा केंद्राच्या फॉलोअपची जागा घेत नाही. गोळ्या चालू असतील तर त्याही चुकवायच्या नाहीत.

आमच्याकडे सध्या मंगळवारी मीटिंग, गुरुवारी भजन, रविवारी सिंहगड. उरलेल्या दिवशी वहिनी साडेसहालाच ताट वाढते. रिकाम्या पोटी तलफ जास्त येते.