६ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण): चंद्रासाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या

वर्षभर वापरून मग लिहितोय. १५० मिमीचा आरसा, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं; त्यांनी मिळतं ४८ पट आणि १२० पट. सोबत आलेला फाइंडर (नेम धरायचं छोटं साधन) मात्र अगदीच टाकाऊ, स्क्रू दर वेळी सैल होतो, मी शेवटी बदलून टाकला. दुर्बीण बाहेर काढल्यावर आरसा अर्धा तास थंड होऊ द्यायचा, नाहीतर चित्र पाण्यातून बघितल्यासारखं हलतं.

पण चंद्र! पौर्णिमेला बघू नका, सावल्याच नसतात, सगळं सपाट पांढरं दिसतं. शुद्ध पंचमी-षष्ठीला लावा आणि थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना ही विवरांची (दगड आदळून पडलेल्या खड्ड्यांची) तिकडी शोधा. तिन्ही साधारण १०० किमी रुंद, पण थिओफिलसची कड करकरीत, मधला डोंगर उन्हात चमकतो, आणि त्याने शेजारच्या सिरिलसची भिंत सरळ तोडलीय. म्हणजे सिरिलस आधीचं, थिओफिलस नंतरचं. कॅथरिना तर इतकी झिजलीय की कड शोधावी लागते, ती या तिघांत म्हातारी. कोण कोणावर चढलंय एवढं बघितलं की क्रम लागतो, मला हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी कळलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून गच्चीवर आणलं.

अष्टमी-नवमीला थेबिट बघा. या मोठ्या विवराच्या कडेवर २० किमीचं एक आणि त्याच्याही कडेवर अजून एक बारकं, १२० पटीवर तिन्ही सुटे दिसतात. लहान जवळपास नेहमी मोठ्यावरच बसलेलं दिसतं, कारण मोठा दगड नंतर पडला तर खालचं लहान पार पुसूनच टाकतो.

अर्थात यातून फक्त क्रम कळतो, वर्षं नाही. वर्षं कळली ती अपोलो चांद्रमोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीमुळे, त्यातलं अपोलो १६ तर १९७२ मध्ये याच तिकडीच्या पश्चिमेला उतरलं होतं. जमीन जितकी जुनी तितकी विवरं जास्त, म्हणून त्या वयांशी विवरांची संख्या जुळवून मग मंगळ, बुधावरच्या जमिनींचाही अंदाज बांधतात. पृथ्वीवर पाऊस, नद्या असलं काही टिकू देत नाहीत, आपलं लोणारसुद्धा हळूहळू झिजतंयच.

१० मिमीचा आयपीस कडेला धूसर आहे, पुढेमागे बदला. मून फिल्टर (चंद्राचा उजेड कमी करणारी काच) पहिल्याच दिवशी घ्या, सप्तमीनंतर डोळे दिपतात.