लातूरमधील एक लसीकरण केंद्र: विचारपूस उत्तम, आश्वासन मात्र सरसकट

लातूर शहरातील एका खासगी लसीकरण केंद्रात यंदा आमच्या घरातील तिघांनी इन्फ्लूएन्झाची लस घेतली. आपल्याकडे या आजाराचा जोर पावसाळ्यात वाढतो आणि लस टोचल्यावर पुरेशी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून मृगाच्या आधीच जाणे इष्ट होते.

केंद्राची खरी जमेची बाजू म्हणजे सुई टोचण्यापूर्वी होणारी विचारपूस. आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट सुरू असल्याचे कळताच डॉक्टरांनी स्पष्ट केले की, या औषधाने लसीला मिळणारा प्रतिसाद दबतो. आजार आटोक्यात असल्यास लसीनंतर दोन आठवडे गोळी थांबवता येते, परंतु तो निर्णय संधिवाततज्ज्ञांनीच घ्यावा. तशी चिठ्ठीही त्यांनी लिहून दिली. पाच वर्षांच्या भाच्याची ही पहिलीच वेळ असल्याने त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस सुचवले, कारण ज्या शरीराची या विषाणूशी फारशी गाठ पडलेली नाही, त्याला एका डोसमध्ये पुरेशी तयारी करता येत नाही. मोठ्यांच्या बाबतीत जुनी ओळखच आड येऊ शकते: लहानपणी प्रथम गाठ पडलेल्या विषाणूची छाप पुढील प्रतिसादावर राहते, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले, आणि तेही घाई न करता.

साठवणुकीबाबत मी मुद्दाम चौकशी केली. ही लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते आणि एकदा गोठली तर ती वापरण्याजोगी राहत नाही. मराठवाड्यातील मे महिना आणि त्यात जाणारी वीज पाहता हा प्रश्न गौण नव्हे. येथे शीतकपाटावर तापमानाची नोंदवही टांगलेली होती आणि त्यातील नोंदी ताज्या होत्या.

खटकले ते पैसे भरण्याच्या खिडकीवर. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माझ्या वडिलांना तेथील कर्मचाऱ्याने ‘आता वर्षभर सर्दी-तापाची चिंता नाही’ असे बिनदिक्कत सांगितले. वयानुसार प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मंदावतो, प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरू लागतात आणि साधी सर्दी आणणाऱ्या इतर विषाणूंशी या लसीचा संबंधच नसतो. गंभीर आजार व रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता कमी होते, हा लाभ ज्येष्ठांसाठी पुरेसा मोठा असताना खोटा भरवसा कशासाठी द्यावा?

दुसरी उणीव दरफलकावर दिसली. जागतिक आरोग्य संघटना दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये आणि उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीमध्ये, लसीत विषाणूचे कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. विषाणू आणि लस यांचा मेळ जितका चांगला, तितके संरक्षण अधिक. फलकावर मात्र लस कोणत्या हंगामाची हे न सांगता केवळ ‘फ्लू लस’ आणि किंमत एवढेच लिहिलेले होते. मागितल्यावर खोका दाखवण्यात आला आणि त्यावर चालू हंगामाचा उल्लेख होता. तेथे जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच तो पाहून घ्यावा आणि घरात सुरू असलेल्या औषधांची यादी थेट डॉक्टरांच्या हाती द्यावी.