ग्रबचा मेनू: दहा सेकंदांत ठरवा

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट या दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकाच घरात नांदतात. टॅली विंडोजवर, बाकी सगळं मिंटवर. मशीन चालू केलं की ‘कुठे जायचं?’ असं विचारणारा काळा पडदा म्हणजे ग्रब. तीन वर्षं वापरतेय, म्हणून लिहितेय.

मेनू दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात बाण खाली नेऊन एंटर मारला नाही, तर पहिलं नाव, म्हणजे मिंट, सुरू. एरवी याचं काही वाटत नाही. पण विंडोजचा मोठा अपडेट एका रीस्टार्टात आटपत नाही. दोनदा, कधी तीनदा मशीन बंद होऊन चालू होतं आणि दर वेळी ग्रब दारात उभा. जीएसटी रिटर्न भरायच्या आदल्या रात्री अपडेट लावून मी भाकऱ्या थापायला गेले. येऊन बघते तर समोर मिंटचं लॉगिन! घामच फुटला. (विंडोज परत उघडलं की उरलेलं काम तिथूनच पुढे चालू होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!) पुढे कित्येक महिने अपडेट म्हणजे गॅसवर दूध, जागचं हलायचं नाही.

उपाय ग्रबमध्येच निघाला. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ग्रब डिफॉल्ट’समोर शून्य असतं, तिथे ‘सेव्ह्ड’ लिहायचं. खाली ‘ग्रब सेव्हडिफॉल्ट’ला ‘ट्रू’ द्यायचं आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवायची. आता मागच्या वेळी जे निवडलं तेच आपोआप सुरू होतं. अपडेटने कितीही गिरक्या घेतल्या तरी मी निवांत. तोटा एवढाच, की रात्री टॅली केलं असेल तर सकाळी आळस केल्यास पुन्हा विंडोजच.

खरे गुण ग्रबच्या मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ला. मिंटमध्ये नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला आणि माझं वायफाय गेलं. या मेनूतून जुना कर्नल निवडला, वायफाय हजर. दुकानात जायची वेळच आली नाही.

अक्षरं मात्र मुंगीएवढी, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतात. आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर त्याचं खापर ग्रबवर फोडू नका. मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं.

पाचपैकी चार. ते ‘सेव्ह्ड’ आधीपासूनच लिहिलेलं असतं, तर पाच दिले असते.