वॉक-इन शॉवरसाठी कोणता व्हॉल्व्ह घ्यावा? सोलापूरच्या घरांचा हिशोब

न्हाणीघर पाडून मोठा वॉक-इन शॉवर (टब नाही, सरळ चालत आत जायची शॉवरची जागा) करायचा ठरला, की वरचा शॉवर, हँड शॉवर, बादलीचा नळ आणि कुणाच्या तरी आग्रहाने बॉडी जेट (भिंतीतून अंगावर धार सोडणारी तोंडं) अशी यादी तयार होते. हे सगळं चालवणारा व्हॉल्व्ह भिंतीत जातो, वर टाइल बसते, आणि निवड चुकली तर भिंत फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून ब्रँड आणि फिनिश बघण्याआधी दोन गोष्टी पाहा: पाणी किती उंचीवरून येतं आणि गरम पाणी कशाचं आहे.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे घर उजनीच्या पाण्यावर असो वा बोअरवर, शॉवरला पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतूनच. १० मीटर उंचीच्या पाण्याने साधारण १ बार दाब मिळतो. बैठं घर, गच्चीवर दीड मीटरच्या स्टँडवर टाकी आणि शॉवर ७ फुटांवर, असं असेल तर पाण्याची उंची जेमतेम अडीच मीटर भरते, म्हणजे पाव बार. वर एक मजला असेल तर खालच्या न्हाणीघरात अर्ध्या बारच्या थोडं वर. शोरूममध्ये जो शॉवर धो धो वाहतो, त्याच्यामागे पंप चालू असतो.

एवढ्या दाबावर सिंगल लिव्हर हाय-फ्लो डायव्हर्टर सगळ्यात भरवशाचा, म्हणजे एकाच दांड्याने गरम-थंड मिसळून पाणी हव्या त्या शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह. आत पाण्याला अडथळा कमी, कार्ट्रिज (आतला बदलता येणारा भाग) समोरून निघतं, आणि शहरातला कुठलाही प्लंबर ते बदलू शकतो. विकत घेताना एक गोष्ट विचारून घ्या: वरचा शॉवर आणि हँड शॉवर एकदम चालतात, की एका वेळी एकच? दोन्ही प्रकार मिळतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. कमी दाबाच्या घरात मी एका वेळी एकच चालवणारा घेईन. दोन धारा एकदम सोडल्या तर दोन्ही मरतुकड्या होतात.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह महाग असतो, पण त्याचं काम खरोखर मोलाचं आहे. आतला मेणाचा घटक तापमानानुसार फुगतो-आकसतो आणि गरम-थंड पाण्याचं प्रमाण आपोआप सांभाळतो. ३८ अंशांवर अडवणारं बटण असतं, आणि थंड पाणी अचानक बंद पडलं तर चांगला व्हॉल्व्ह गरम पाणीही रोखतो. सोलापूरच्या उन्हात सोलरच्या टाकीतलं पाणी सहज ६० अंशांच्या पुढे जातं, आणि तेवढं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर हा खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. मात्र बहुतेक मॉडेलना निदान अर्धा ते एक बार दाब लागतो, म्हणजे बैठ्या घरात पंप आलाच. डेटाशीटवर कमीत कमी दाब आणि गरम पाण्याची कमाल मर्यादा, दोन्ही आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मे महिन्यात दुपारी टाकीतलं ‘थंड’ पाणीच चटका देतं. ते कोणताही व्हॉल्व्ह गार करू शकत नाही.

प्रेशर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आपल्याकडे फारसा उपयोगी नाही. गरम आणि थंड बाजूच्या दाबात फरक पडला तर तो सावरतो. पण आपला सोलर त्याच गच्चीवरच्या टाकीतून भरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब मुळातच जवळपास सारखा असतो. सोलरचं पाणी हळूहळू निवत गेलं, तर ते याला कळतही नाही.

ही बरोबरी बिघडते ती पंप बसवताना. प्रेशर पंप फक्त थंड लाइनवर लावला, तर मिक्सरमधून थंड पाणी उलटं सोलरमध्ये चढतं आणि सोलरच्या व्हेंट पाइपमधून (हवा जायच्या नळीतून) गच्चीवर वाहू लागतं. पंप दोन्ही लाइनवर हवा, गरम बाजूचा पंप तेवढं तापमान सोसणारा हवा, आणि दोन्हीकडे पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. वीज गेल्यावरही पाणी यावं म्हणून पंपाला बायपास ठेवा.

बॉडी जेट डायव्हर्टरवर घेऊ नका. त्यांना मिक्सरनंतर वेगळा कन्सील्ड स्टॉप कॉक (भिंतीत बसणारी चावी) द्या. त्याहून बरं म्हणजे जेट गाळाच. चार जेट आणि वरचा शॉवर मिळून मिनिटाला ३० लिटर सहज ओढतात. १० मिनिटांत ३०० लिटर. हजार लिटरच्या टाकीवर चार माणसांची अंघोळही पुरी होणार नाही. आपल्या गावात पाणी असं सांडणं मला पटत नाही. बादलीचा नळ मात्र ठेवाच. गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी बादलीत धरता येतं.

बोअरचं पाणी जड असेल तर क्षार आधी थर्मोस्टॅटिकच्या जाळीत आणि मग कार्ट्रिजमध्ये बसतात. पाण्यातले क्षार कमी करणारा सॉफ्टनर बसवणार नसाल तर साधा डायव्हर्टरच घ्या.

मुख्य लाइन पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप) टाका, अर्धा इंच फक्त शेवटच्या तुकड्याला. व्हॉल्व्हची भिंतीतली बॉडी आणि बाहेरची प्लेट एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्या. बॉडी किती खोल बसवायची ते प्लास्टर आणि टाइलची जाडी धरून मिस्त्रीसमोर मोजा. टाइल लावण्याआधी लाइनला दाब देऊन रात्रभर ठेवा, आणि उघड्या पाइपांचे टेप धरून फोटो काढा.