बाजारपेठ, स्वस्त कर्ज की समुद्राच्या बदल्यात सवलत? छोट्या बेटांपुढचे तीन पर्याय

छोट्या बेटाच्या अर्थखात्याकडे मदतीचे प्रस्ताव साधारण तीन तऱ्हांचे येतात. एक देश म्हणतो, तुमचा माल आमच्याकडे जकातीशिवाय पाठवा. दुसरा म्हणतो, पूल बांधून देतो, पैसे सावकाश फेडा. तिसरा म्हणतो, जुन्या कर्जाचे हप्ते हलके करतो, मात्र समुद्र राखायचा. तिन्ही गोष्टी ‘विकास सहकार्य’ याच नावाखाली खपतात, पण प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे. हिंदी महासागरातल्या मॉरिशस, मालदीव आणि सेशेल्स या तीन देशांना हे हिशेब चांगलेच ठाऊक आहेत.

मॉरिशसला बाजारपेठ मिळाली. युरोप आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधले देश यांच्यातल्या १९७५ च्या लोमे करारासोबत साखरेचा एक वेगळा करार झाला आणि युरोप तिथली सुमारे ५ लाख टन साखर दर वर्षी हमीभावाने घेऊ लागला. तो भाव कित्येक वर्षं जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट होता. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. (या मळ्यांत राबायला गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातली माणसंही होती, त्यांची मराठी तिथल्या शाळांत आजही शिकवली जाते.) पण हमीभाव मिळाला म्हणून मॉरिशस सुधारला, असं म्हणणं अर्धवट ठरेल. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर लावून आपला वाटा काढून घेतला. मळेवाल्यांनीही नफ्यातला काही भाग कापडगिरण्यांत आणि हॉटेलांत घातला, कारण निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा १९७० सालीच झाला होता.

हे शहाणपण पुढे कामी आलं. करारात युरोपची बांधिलकी बेमुदत असल्याचं लिहिलेलं होतं. तरीही २००६ पासून चार वर्षांत भाव ३६ टक्के उतरवायचं युरोपने ठरवलं आणि २००९ मध्ये करारच संपवला. त्याआधी, २००५ च्या सुरुवातीला, श्रीमंत देशांची कापड आयातीची जुनी कोटा पद्धतही गेली होती; मोठ्या देशांच्या मालावर तिची मर्यादा असल्याने मॉरिशससारख्यांना वाव मिळत असे. म्हणजे दोन्ही खांब पाठोपाठ हलले. साखर कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. युरोपकडून भरपाईदाखल निधी मिळाला. कच्च्या साखरेऐवजी शुद्ध पांढरी आणि खास प्रकारची साखर विकायला सुरुवात झाली, चिपाडावर वीज तयार होऊ लागली. देश सावरला, कारण तोवर साखरेबाहेरही कमाई होती.

मालदीवची गोष्ट उलट्या बाजूने वाचावी लागते. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी या देशाला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर काढायचं ठरवलं आणि सहा दिवसांनी त्सुनामी आली. निर्णय पुढे ढकलला गेला, पण २०११ च्या पहिल्या दिवशी मालदीव यादीतून बाहेर पडलाच. त्या यादीतल्या देशांना मिळणारी युरोपातली जकातमाफी २०१३ अखेर थांबली. डबाबंद टुनावर युरोपचा नेहमीचा दर २४ टक्के आहे. मालदीवचे कोळी गळाने एकेक मासा धरतात. जाळं टाकून मासळी उपसणाऱ्या बोटींपेक्षा हा धंदा समुद्राला सोसणारा, पण जकातीच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

मग राहिली कर्जं. चीनच्या पैशाने राजधानी माले आणि विमानतळाचं बेट हुलहुले यांना जोडणारा पूल २०१८ मध्ये झाला. भारताने २०२० मध्ये ५० कोटी डॉलर जाहीर केले, त्यांतले १० कोटी अनुदान आणि ४० कोटी कर्ज. त्यातून मालेपासून थिलाफुशी बेटापर्यंतच्या पुलाचं काम मुंबईच्या ॲफकॉन्स या बांधकाम कंपनीकडे आलं. पूल डोळ्यांना दिसतो, निवडणुकीत सांगता येतो, आणि दाटीवाटीच्या मालेला त्याची गरजही खरीच आहे. अडचण अशी की पूल डॉलर कमावत नाही, हप्ते मात्र डॉलरमध्ये जातात. २०२४ मध्ये परकीय गंगाजळी इतकी आटली की सुकुक (इस्लामी नियमांनुसारच्या) रोख्यांचा अडीच कोटी डॉलरचा हप्ता चुकतो की काय, अशी धास्ती होती. ऑक्टोबरमध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय दिली. म्हणजे कर्ज निभवायला पुन्हा उसनवारीच.

सेशेल्सचं नाव तिसऱ्या मार्गासाठी परिषदांमध्ये फार घेतलं जातं, जरा जास्तच. २००८ साली हा देश कर्ज फेडू शकला नाही. नंतर नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मध्यस्थीने २.१६ कोटी डॉलरचं कर्ज नव्याने बांधलं गेलं आणि त्या बदल्यात ३० टक्के समुद्र राखीव करायचं ठरलं. २०२० मध्ये ते झालंही, आणि हे क्षेत्र महाराष्ट्राहून मोठं आहे. रकमेत सूट थोडी मिळाली. मुख्य फायदा मुदत लांबण्याचा आणि काही भाग स्थानिक चलनात फेडण्याचा झाला. २०१८ च्या दीड कोटी डॉलरच्या ‘निळ्या’, म्हणजे समुद्राच्या कामांसाठीच्या, रोख्यांवरचं व्याज जागतिक बँकेची हमी आणि जागतिक पर्यावरण सुविधा (GEF) या निधीचं सवलतीचं कर्ज यांमुळे ६.५ वरून २.८ टक्क्यांपर्यंत उतरलं. एवढ्याशा रकमेसाठी वकील, सल्लागार, बैठका किती लागल्या असतील! लाखभर लोकवस्तीच्या देशाकडे अशा कागदपत्रांसाठी माणसंच मोजकी असतात.

निवड माझ्यावर सोपवली तर, विकायला माल, बंदर आणि कुशल हात असतील तेव्हा मी बाजारपेठ आधी मागेन, पण ती दहा-पंधरा वर्षांत जाणार असं धरून. माल कुठून आला, मासा कोणाच्या बोटीने धरला, हे नियम जकातीच्या दराआधी वाचावेत. पॅसिफिकमधल्या तुवालूसारख्या, निर्यातीला फारसं काही नसलेल्या देशाला जकातमाफी देणं म्हणजे टकल्याला कंगवा. तिथे सरळ अनुदान हवं. हप्ते गळ्याशी आले असतील आणि राखण्याजोगा समुद्र असेल, तर सेशेल्सची वाट धरावी, शक्यतो शेजारी बेटांसोबत, म्हणजे खर्च वाटला जाईल. पुलाचं कर्ज सगळ्यांत शेवटी.

दरडोई उत्पन्न वाढलं की सवलत तोडायची, ही देणाऱ्यांची जुनी खोड आहे. वादळात उत्पन्न आणि घर दोन्ही एका रात्रीत जातात, हे त्या आकड्यात दिसत नाही. जागतिक बँक १९८५ पासून छोट्या बेटांना अपवाद म्हणून सवलतीचं कर्ज देते. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुआयामी असुरक्षितता निर्देशांकही (देश धक्क्यांपुढे किती नाजूक आहे, हे मोजणारा) स्वीकारला, पण तो वापरणं देणाऱ्यांच्या मर्जीवर आहे.

म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर कॅरिबियनमधल्या ग्रेनेडाचा करार समोर ठेवावा. २०१५ च्या कर्ज पुनर्रचनेत त्यांनी रोख्यांमध्ये वादळाचं कलम घालून घेतलं होतं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ग्रेनेडाचं कॅरियाकू बेट झोडपलं, तेव्हा ते कलम वापरून हप्ते पुढे ढकलता आले. कॅरिबियन देशांच्या सामायिक विमा योजनेतूनही सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले. असं कलम सहीच्या आधीच घालून घ्यावं लागतं.