रूकवूडची फुलदाणी घेताय? आधी पालथी करून बघा

मागच्या महिन्यात ओहायोतल्या एका अँटिक मॉलमधून रूकवूड या मातीच्या कलात्मक भांड्यांच्या अमेरिकन कारखान्याची फुलदाणी घेतली, जेमतेम वीतभर, मॅट निळा ग्लेझ (म्हणजे भाजून बसवलेला, चकाकी नसलेला लेप), १२० डॉलर. फुलदाणीला पाचपैकी पाच, दुकानाला दोन.

रूकवूडचं सगळं बुडाशी लिहिलेलं असतं. उलटा आर आणि पी पाठीला पाठ लावून, हा शिक्का १८८६ चा, मग दर वर्षी त्याच्यावर एकेक ज्योत वाढवत गेले, १९०० पर्यंत १४ ज्योती झाल्या आणि १९०१ पासून खाली रोमन आकडे. माझ्या फुलदाणीवर रोमन चोवीस आहे म्हणजे १९२४. शेजारी घाटाचा नंबर. हाताने रंगवलेला पीस असेल तर चित्रकाराची खूणही असते, माझी साच्यातली आहे त्यामुळे नाही, म्हणून तर परवडली!

आता दुकानाचं. किमतीचं स्टिकर नेमकं बुडावर चिकटवलेलं, आणि काउंटरवरच्या बाईंनी ‘एकदम परफेक्ट आहे’ सांगितलं. घरी कोमट पाण्यात स्टिकर सोडवलं तर खाली घासून कोरलेली फुली. ही फुली कारखान्यातच मारायचे, दोष असलेल्या मालावर. मग नीट बघितलं तर काठाजवळ तिळाएवढ्या जागी ग्लेझ धरलेलंच नाही. तेवढ्यासाठी मी घेतली नसती असं नाही, पण आधी सांगायला हवं होतं ना, फुली असली की भाव उतरतो. परत घेत नाहीत म्हणे.

तरी हातात घेतली की राग जातो. १८८० मध्ये मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईने सिनसिनाटीत हा कारखाना काढला, नऊ वर्षांत पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक! जपानहून आलेले कातारो शिरायामादानी १८८७ मध्ये लागले, मधली काही वर्षं मायदेशी होते तेवढीच, बाकी १९४८ मध्ये वारेपर्यंत इथेच रंगवत राहिले आणि सही जपानीत करायचे. आर्टस व्हॅन ब्रिगल पण इथलेच, क्षय झाला म्हणून कोलोरॅडोला गेले, तिथे स्वतःची पॉटरी काढली आणि १९०४ मध्ये वारले, पस्तिशीतच.

घ्यायच्या आधी सिनसिनाटी आर्ट म्युझियममध्ये जाऊन या, प्रवेश फुकट आहे, रूकवूडचे उत्तम पीस बघायला मिळतात, एकदा नजर तयार झाली की दुकानात फसत नाही. आणि जुन्या ग्लेझला जाळीसारखे बारीक तडे असतात त्यातून पाणी झिरपतं, मी त्यात सुकी फुलंच ठेवलीयेत.